फंड ऑफ फंड्स : वरचा खर्च नेमका कशासाठी मोजायचा?

नमस्कार मंडळी. सोन्याचे भाव चढू लागल्यापासून गोल्ड फंड ऑफ फंड्सविषयी इतके प्रश्न येत आहेत की, आज या एकाच विषयावर बोलणार आहे. व्याख्या बहुतेकांना ठाऊक आहे. ही योजना स्वतः शेअर, रोखे किंवा सोने न घेता दुसऱ्या म्युच्युअल फंडांचे वा ईटीएफचे (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांचे) युनिट घेते, आणि बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार तिची किमान 95 टक्के रक्कम अशा युनिटांत असावी लागते.

गोंधळ होतो तो खर्चाच्या आकड्यात. ‘या फंडाचा खर्च अवघा 0.15 टक्के आहे, मग त्याला महाग का म्हणता?’ असे प्रेक्षक वारंवार विचारतात. तो आकडा फक्त वरच्या योजनेचा, म्हणजे फंड ऑफ फंड्सचा असतो. तिने ज्यांचे युनिट घेतले त्या खालच्या, मूळ योजनांचा खर्चही गुंतवणूकदारालाच सोसावा लागेल, हे योजनेच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. ती ओळ कृपया वाचा.

समजा, वरचा खर्च 0.15 टक्के आणि खालच्या ईटीएफचा 0.55 टक्के आहे. एकूण 0.70 टक्के, म्हणजे एक लाख रुपयांवर वर्षाला सुमारे 700 रुपये झाले. हे 700 रुपये खातेउताऱ्यात वेगळे दिसत नाहीत, कारण ईटीएफचा खर्च त्याच्या एनएव्हीतून (एका युनिटच्या मूल्यातून) रोजच्या रोज वजा होतो आणि वरच्या योजनेचा खर्च तिच्या एनएव्हीतून कापला जातो.

याउलट ‘दोनदा खर्च म्हणजे लूट’ असे लिहिणाऱ्यांचेही मला पटत नाही. तोच ईटीएफ थेट घेतला असता तरी खालचे 0.55 टक्के गेलेच असते. शिवाय डीमॅट खात्याचे शुल्क आणि दलाली लागली असती. फंड ऑफ फंड्ससाठी तुम्ही जास्तीचे मोजता ते वरचे 150 रुपये, आणि त्यांच्या बदल्यात काय मिळते, एवढेच तपासायचे असते.

माझ्या मावशींकडे डीमॅट खाते नाही आणि ते उघडण्याची त्यांची इच्छाही नाही. दरमहा ठरावीक रक्कम सोन्यात जावी, एवढीच त्यांची गरज आहे. त्यांच्यासाठी गोल्ड फंड ऑफ फंड्सची एसआयपी हा रास्त मार्ग आहे. मात्र एक फरक मी त्यांना आवर्जून सांगितला : बाजारात नोंदणी असलेला गोल्ड ईटीएफ करासाठी 12 महिन्यांनंतर दीर्घकालीन ठरतो, तर फंड ऑफ फंड्सला 24 महिने लागतात. त्यानंतरच्या नफ्यावर दोन्हीकडे 12.5 टक्के कर आहे.

शेअर, रोखे आणि सोने यांचे प्रमाण सांभाळणाऱ्या फंड ऑफ फंड्समध्येही वरचा खर्च वाया जात नाही. हे प्रमाण तुम्ही स्वतः बदलायला गेलात, तर प्रत्येक विक्रीवर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. तोच बदल योजनेच्या आत झाला, तर तुम्ही युनिट विकेपर्यंत तुमच्यावर कर लागत नाही.

माझा आक्षेप आहे तो केवळ भारतीय शेअर फंडांत, तेही बहुधा आपल्याच फंड हाउसच्या (म्युच्युअल फंड कंपनीच्या), पैसे घालणाऱ्या फंड ऑफ फंड्सवर. खालचे सगळे फंड इक्विटी, म्हणजे शेअरांचे असले तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने असा फंड सहसा इक्विटी ठरत नाही. त्यासाठी 90 टक्के रक्कम अशा ईटीएफमध्ये हवी, ज्याची स्वतःची 90 टक्के रक्कम भारतीय शेअरांत आहे. परिणामी दीर्घकालीन नफ्यावरची 1.25 लाखांची सवलत हातची जाते, आणि 24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र होतो. वरचा खर्च देऊन करही जास्त भरावा, हे मला मुळीच मान्य नाही.

परदेशी फंड ऑफ फंड्सबाबत अडचण निराळी आहे. भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला एकत्रित 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती गाठत आल्यामुळे 2022च्या सुरुवातीला अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले आणि पुढेही ही दारे कधी उघडत, कधी बंद होत राहिली. त्यामुळे अशी एसआयपी सुरू करण्यापूर्वी त्या फंड हाउसच्या संकेतस्थळावरील ताजी सूचना पाहून घ्या.