फुंकनळी, काडतूस आणि रस्ता

भात्याला लटकवलेला हा दातेरी तुकडा पाहा. पिरान्हा माशाचा जबडा आहे तो. वाओरानी या आदिवासी जमातीचा शिकारी बाणाची काडी त्यात धरून फिरवतो, टोकाजवळ खाच पडते. माकडानं बाण उपटायला हात घातला, की काडी खाचेपाशी मोडते आणि विषारी टोक आत राहतं. मागच्या टोकाला पांढऱ्या सावरीचा कापूस गुंडाळायचा, लांबलचक नळीत काडी सरकवायची आणि एक जोरकस फुंकर. बाकीच्या कळपाला पत्ताही लागत नाही.

इक्वाडोरमधलं, ॲमेझॉन खोऱ्यातलं हे यासुनीचं जंगल. इथल्या एकाच हेक्टरात ६०० हून जास्त जातींची झाडं मोजली गेली आहेत. वाओरानी या रानात पांगून राहायचे, वस्ती हलवायचे. हरणाला हात लावत नसत.

१९५८ मध्ये मिशनरी त्यांच्यात येऊन राहिले. पुढे विखुरलेली कुटुंबं एकेका जागी वसली आणि बंदूक आली. रानातले प्राणी घटल्याचं खापर सहसा बंदुकीवरच फुटतं. पण काडतुसाला पैसे लागतात, पैशाला बाजार आणि बाजाराला रस्ता. तो १९९० च्या दशकात तेल कंपनीनं काढून दिला. चुलीपुरती असलेली शिकार पोंपेया गावच्या बाजारात विकायला जाऊ लागली.

अशा शिकारीत लोकरी माकडांचा निभाव लागत नाही. मादीला दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू होतं. ही माकडं फळं बियांसकट गिळतात आणि बिया दूरवर टाकतात. ती गेली, की मोठ्या बियांची कितीतरी फळं झाडाच्या बुंध्याशीच पडून राहतात. रान वरून हिरवंगारच दिसतं. उपग्रहाला यातलं काही कळत नाही.

मग जुनं तेच बरं होतं, असं म्हणावंसं वाटतं. आम्हा कॅमेरेवाल्यांना तर जरा जास्तच. पण वाओरानी बायकांच्या संघटनेनं रानमांसाच्या विक्रीला पर्याय म्हणून कोको लावला, चॉकलेट विकायला काढलं. ही काही परंपरा नव्हे. २०१९ मध्ये पास्तासा प्रांतातले वाओरानी कोर्टात गेले आणि आपल्या रानाचा तेलासाठी होणारा लिलाव त्यांनी अडवला. भाल्यानं नाही, वकिलांच्या मदतीनं.

२०२३ च्या सार्वमतात साऱ्या देशानं यासुनीतल्या एका पट्ट्यातला तेलउपसा थांबवण्याच्या बाजूनं कौल दिला. पंप मात्र दुसऱ्या दिवशीही चालूच होते.