बोरेगो स्प्रिंग्जचा फुलोरा

नमस्कार, श्रोतेहो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बोरेगो स्प्रिंग्ज नावाचं एक छोटं गाव आहे. चहूबाजूंनी अँझा-बोरेगो हे राखीव रान. गावात एकही सिग्नल नाही. मधोमध ख्रिसमस सर्कल नावाचा गोल चौक, तिथूनच रस्ते फुटतात.

2017 सालच्या मार्चमध्ये मी तिथे गेले. त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. वाळवंटी फुलांचं बी भुरभुर पावसाला दाद देत नाही. त्याच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती धुऊन निघाली पाहिजेत. त्यासाठी दणकून पाऊस लागतो, आणि तो न झाल्यास बी वर्षानुवर्षं वाळूत पडून राहतं. पुन्हा सांगते, भुरभुर चालत नाही, दणकूनच लागतो.

तर हेंडरसन कॅनियन रस्त्यावर आम्ही पोचलो भर दुपारी. जांभळी सँड व्हर्बिना वाळूवर पसरलेली, मधूनमधून पिवळी सूर्यफुलं. पांढरी प्रिमरोज मात्र मलूल, पाकळ्या मिटून गुलाबीसर पडलेल्या. मी हळहळले, म्हटलं, उशीर झाला आपल्याला! रस्त्याकडेला घडीची खुर्ची टाकून गावातल्या एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ नकोस. ऊन उतरू दे."

ऊन उतरलं. एका कळीपाशी मी गुडघे टेकून बसले. आधी हिरवं आवरण सुटलं, मग चुरगळलेल्या रुमालासारखी पाकळी हळूहळू सरळ होत गेली. गुलबक्षी उमलायची वेळ तुम्हाला ठाऊक आहे, तशीच ही वेळ. बघता बघता तळहाताएवढं शुभ्र फूल समोर! गोड वास सुटला आणि भिर्रर्र आवाज करत एक पतंग आला. पंखांवर फिकट पट्टे. हवेत एका जागी तरंगत त्याने लांबलचक सोंड फुलात घातली. माझा श्वासच थांबला.

मग काळोख झाला. त्या गावाने रात्रीचे दिवे मुद्दाम मंद ठेवलेत. 2009 पासून काळोख जपणारं गाव म्हणून त्याची आंतरराष्ट्रीय नोंद आहे. माझं तर ठाम मत आहे, काळोख प्रत्येक गावाने जपावा. तारे बघायला माणसाला दूर जावं लागू नये.

सकाळी तिथेच परत गेलो, तर वाळूवर बोटाएवढ्या जाड सुरवंटांची रांगच रांग. कालच्याच झाडांची पानं-फुलं कराकरा खात होते. मी चुकचुकले. आजी खुर्चीतूनच म्हणाल्या, "अगं, काल सोंड घालत होता ना, त्याचीच पोरं ही."

आणि त्यांनी वर बोट दाखवलं. अर्जेंटिनाहून उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन ससाणे घिरट्या घालत होते. एक खाली उतरला आणि कोंबडीसारखा चालत चालत सुरवंट टिपू लागला.