स्पेशल की कॉमन?

(पडद्यावर: आयबीएम ७०९०, फिरणाऱ्या टेप)

साल १९६२. एमआयटीमध्ये लिस्प १.५ ही प्रोग्रामिंगची भाषा चालतेय. टिमोथी हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी तिच्यासाठी कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम, लिहिला, तोही लिस्पमध्येच. मग इंटरप्रिटरवर (भाषांतर न करता प्रोग्राम थेट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामवर) तो चालवून त्याच्याकडूनच त्याला कंपाइल करून घेतलं! प्रोग्राम कित्येक पट वेगानं पळू लागले. आणि एक कटकट उभी राहिली.

इंटरप्रिटर नाव आणि किंमत अशा जोड्या एका यादीत ठेवायचा. नाव आलं, की यादी सुरुवातीपासून चाळायची. पहिली जुळेल ती जोडी खरी. कंपाइल झालेल्या फंक्शनला एवढी सवड कुठली? त्याची साधी व्हेरिएबल्स थेट स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, आणि मशीन कोडमध्ये त्यांची नावं उरतच नाहीत.

(पडद्यावर: डावीकडे यादी, उजवीकडे स्टॅक)

समजा, इंटरप्रिटरवर चालणाऱ्या फंक्शननं 'क्ष'मध्ये ५ ठेवले आणि कंपाइल झालेल्या फंक्शनला तेच हवेत. बघायचं कुठे?

हे ओझं प्रोग्रामरच्या गळ्यात पडलं. व्हेरिएबल आधीच जाहीर करा: 'स्पेशल' की 'कॉमन'. स्पेशल असेल, तर किंमत त्या नावाला जोडलेल्या ठरावीक कप्प्यात. काम झटपट, पण ही सोय कंपाइल झालेल्या फंक्शनांच्या आपसातली. कॉमन असेल, तर कंपाइल झालेला कोडही इंटरप्रिटरची यादी वापरणार. संथ, पण दोघांना एकच किंमत दिसते. जाहीर करायचं राहिलं, की इंटरप्रिटरवर सुरळीत चाललेला प्रोग्राम कंपाइल केल्यावर बिघडायचा. असला बग शोधणं म्हणजे डोक्याला ताप, कारण कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं.

इंटरप्रिटर आणि कंपायलर, दोघांनी एकाच प्रोग्रामचा एकच अर्थ लावावा, हा आग्रह लिस्पच्या १९८४च्या 'कॉमन लिस्प' या रूपानं स्पष्ट शब्दांत मांडला.

(पडद्यावर: ईमॅक्सची खिडकी)

एकच किंमत दोन बाजूंना दिसायला हवी, हा प्रश्न ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये आजही आहे: एका बाजूला लिस्प, दुसऱ्या बाजूला सी ही भाषा. तिथलं 'जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड' घ्या. किती बाइट मेमरी वापरली गेली, की नको असलेली मोकळी करायला घ्यायची, हे ते ठरवतं. सीमध्ये ते साधं पूर्णांकाचं ग्लोबल व्हेरिएबल. लिस्पच्या बाजूला नाव आहे, पण किंमत तिथे साठवलेलीच नाही. आहे तो सीमधल्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा. लिस्पमधून नवा आकडा दिला, की तो थेट सीच्या मेमरीत उतरतो. आकड्याऐवजी मजकूर दिलात, तर लगेच एरर, कारण सीच्या त्या जागेत पूर्णांकच मावतो.

ईमॅक्स लवकर उघडावा म्हणून बरेच जण सेटिंगच्या फाइलमध्ये अगदी वरच हा आकडा भरमसाट वाढवतात आणि सगळं लोड झालं, की पुन्हा खाली आणतात.