तुकडा कापला, जोडला. पण गेला कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. डीएनए कापता आणि जोडता येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मला मात्र जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: जोडलेला तुकडा नेमका कोणत्या पेशीत गेला, हे ओळखायचं कसं?

आधी कापण्याबद्दल. विषाणूचा डीएनए आत शिरला की त्याचे तुकडे करण्यासाठी जीवाणूंकडे रिस्ट्रिक्शन एन्झाइम असतात. स्वतःच्या डीएनएवर जीवाणूने मिथाइल गटाची खूण केलेली असते, म्हणून तो वाचतो. ईको आर वन हे एन्झाइम डीएनएच्या अक्षरांचा जी, ए, ए, टी, टी, सी हा क्रम शोधतं आणि जी व ए यांच्यामध्ये छेद देतं. दोन्ही धाग्यांवरचे छेद समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे टोकाला चार अक्षरांचा एकेरी धागा मोकळा राहतो. याच एन्झाइमने कापलेला कुठल्याही सजीवाचा डीएनए त्याला जुळतो. लायगेज हे दुसरं एन्झाइम तो सांधा पक्का करतं.

पण नुसता तुकडा पेशीत टिकत नाही. पेशी सहसा त्याच्या नकला काढत नाही. म्हणून वाहक हवा. प्लाझ्मिड हा जीवाणूतला छोटा, गोल डीएनए. नक्कल जिथून सुरू होते ती जागा त्याच्यावरच असते. 1973 मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी प्लाझ्मिडमध्ये परका डीएनए जोडून तो जीवाणूत वाढवून दाखवला.

आता तो प्रश्न. प्लाझ्मिड फार थोड्या पेशी घेतात, आणि घेतलेल्या प्लाझ्मिडांतही पुष्कळ रिकामीच असतात. पीबीआर 322 या प्लाझ्मिडवर दोन प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं आहेत: एक ॲम्पिसिलिनसाठी, दुसरं टेट्रासायक्लिनसाठी. बॅम एच वन या एन्झाइमची जागा दुसऱ्या जनुकाच्या मधोमध येते. तिथे तुकडा बसला की ते जनुक मोडतं. म्हणजे ॲम्पिसिलिनवर वाढणारी पण टेट्रासायक्लिनवर मरणारी वसाहत, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला जीवाणूंचा ठिपका, आपल्याला हवी. मेलेली वसाहत मात्र वापरता येत नाही! म्हणून ॲम्पिसिलिनच्या बशीवरचा ठसा मखमलीने उचलून टेट्रासायक्लिनच्या बशीवर उमटवतात. दुसऱ्या बशीत जी जागा रिकामी राहते, तिथली वसाहत पहिल्या बशीतून उचलायची.

पुढे आलेल्या पीयूसी प्लाझ्मिडांनी ही खटपट वाचवली. बशीत योग्य रसायन घातलं, की रिकामं प्लाझ्मिड असलेली वसाहत निळी होते आणि तुकडा बसलेली पांढरी. पांढरी उचलायची, वाढवायची आणि आत हवा तोच तुकडा आहे ना, हे पुन्हा एन्झाइमने कापून तपासायचं. नमस्कार.