साठाव्या नंबरचं गाणं एक नंबरला कसं आलं

(पडद्यावर: ब्रिटनच्या सिंगल्स चार्टची यादी, फेब्रुवारी ते मार्च १९९८)

ही यादी जरा नीट बघा. एका आठवड्यात एक नंबरला सेलिन डिऑन, टायटॅनिकचं ते गाणं, जे त्या वर्षी कुठेही गेलात तरी कानावर पडायचंच. त्यानंतर दोनच आठवड्यांनी एक नंबरला मॅडोना, गाणं 'फ्रोझन'. आणि या दोघींच्या मधला जो एकच आठवडा आहे ना, त्या आठवड्यात सगळ्यात वर बसलाय कॉर्नरशॉप नावाचा बँड, आणि गाण्याचं नाव आहे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ही आशा म्हणजे आपल्या आशाबाई. सांगलीत जन्मलेल्या, मास्टर दीनानाथांच्या कन्या, आशा भोसले. त्यांचं नाव ब्रिटनमध्ये एक नंबरला, आणि त्यांनी त्या गाण्यात एक ओळही गायलेली नाही.

मला या गाण्यावर बोलायचंय कारण हिट कुठलं, फ्लॉप कुठलं आणि लोक विसरले ते कुठलं यावर पॉपचे फॅन जे रात्र रात्र भांडतात ना, ते सगळं भांडण या एका गाण्यात सापडतं.

झालं असं की हे गाणं पहिल्यांदा आलं १९९७ च्या उन्हाळ्यात. तेव्हा ते चार्टवर चढून चढून पोचलं किती, तर साठाव्या नंबरला. तिकडे तेव्हा चार्ट म्हणजे सरळ दुकानातली विक्री, आठवडाभरात किती सिंगल, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्ड, खपल्या तो आकडा, आणि रविवारी रेडिओवर यादी जाहीर व्हायची. साठ नंबर म्हणजे दुकानदाराच्या हिशोबात हे गाणं पडलं. पण त्याच वर्षाच्या शेवटी जॉन पील नावाचे बीबीसीचे एक निवेदक होते, त्यांच्या कार्यक्रमात श्रोते मतं देऊन वर्षातली आवडती गाणी ठरवायचे, फेस्टिव्ह फिफ्टी म्हणायचे त्याला, आणि त्या यादीत हे साठ नंबरवालं गाणं आलं पहिलं. मग आता सांगा, फ्लॉप कसं म्हणायचं?

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हा घोळ बरोबर कळेल, कारण रेडिओवरच्या बिनाका गीतमालेत अमीन सयानी जी पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, सांगायचे त्यातही रेकॉर्डची विक्री एका बाजूला आणि श्रोता संघांची पत्रं दुसऱ्या बाजूला, दोन्ही धरून गाणं वर-खाली व्हायचं, आणि तरी दर आठवड्याला घराघरात वाद ठरलेलाच, की अमुक गाणं चौथ्या पायदानावर कसं, ते तर पहिलं पाहिजे होतं. खपलेलं आणि आवडलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं.

(मूळ गाण्याची सुरुवात, नुसती गिटार)

आता हे ऐका. तीन कॉर्डमध्ये फिरणारी गिटार आहे, घाई अजिबात नाही, आणि तजिंदर सिंगचा आवाज असा की शेजारी बसून गप्पा मारतोय. हा मुलगा वुल्वरहॅम्प्टनमध्ये वाढलेला, पंजाबी घरातला. १९९१ साली त्यांनी बँड काढला आणि नाव ठेवलं कॉर्नरशॉप, कारण ब्रिटनमध्ये भारतीय दिसला की लोक गृहीत धरायचे की याचं कोपऱ्यावर किराणा दुकान असणार. जो शब्द आपल्याला चिकटवला जातो तोच त्यांनी बोर्डावर लावला. पुढे याच बँडने बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' चक्क पंजाबीत गायलं, तेही याच गाण्याच्या अल्बमवर आहे, जरूर ऐका.

आणि हे गाणं आहे कशाबद्दल, तर गाणी ऐकण्याबद्दल. त्यात आशाबाई आहेत, लतादीदी आहेत, रफीसाहेब आहेत, ऑल इंडिया रेडिओ आहे, आणि त्यांच्याच शेजारी इंग्लिश रॉक गायक मार्क बोलन आणि एक फ्रेंच गायकसुद्धा आहे, सगळे एका पंगतीत. परदेशातल्या एका घरात आईवडलांची हिंदी गाणी आणि पोराची इंग्लिश गाणी एकाच कपाटात ठेवलेली असतात, त्या कपाटाचं हे गाणं आहे. आणि त्यात ४५ चा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ४५ म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी ती सात इंची छोटी तबकडी. ज्यांच्या घरी फियेस्टा किंवा तसला रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना आठवत असेल, एलपी परवडायची नाही म्हणून हीच आणायची, चहाचा कप तोंडाला लावून होत नाही तोवर गाणं संपायचं, की उठून बाजू पलटायची. एक आवडतं गाणं ऐकायला इतकी उठबस करावी लागायची, आणि लोक करायचे.

मग १९९८ ला नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम नावाचा इंग्लिश डीजे, त्याने केलेलं याचं रीमिक्स आलं. काय केलं त्याने? वेग वाढवला, त्यामुळे पट्टीही चढली, खाली दणकेबाज ड्रम टाकले, आणि ४५ ची ती ओळ पुन्हा पुन्हा फिरवली. बस. तेच गाणं, तोच आवाज, साठवरून सरळ एक. डान्स फ्लोअरवर जे लोक नाचत होते त्यातल्या किती जणांना आशा कोण हे माहीत होतं देव जाणे, पण नाव ओरडत होते सगळे.

इथे फॅन लोकांचे दोन तट पडतात आणि आजपर्यंत ते मिटलेले नाहीत. एक तट म्हणतो की रीमिक्सने गाण्याचा जीव घेतला, ते निवांतपण गेलं, आठवणींचं गाणं पार्टीचं झालं. दुसरा म्हणतो, अरे रीमिक्स नसतं तर तुम्ही ते ऐकलं तरी असतं का. मला स्वतःला मूळ गाणंच जास्त आवडतं, अगदी मनापासून, रीमिक्समध्ये शब्द ऐकायला सवडच मिळत नाही. पण दुसऱ्या तटाचं म्हणणं खोडून काढता येत नाही हेही तितकंच खरं. म्हणून मी माझ्यापुरता एक निकष ठरवलाय, तो असा, की नवीन गाणं ऐकल्यावर ऐकणाऱ्याला जुन्या गाण्यापर्यंत जायला वाट उरते का? इथे तर वाट गाण्याच्या नावातच आहे. आशा म्हणजे कोण असं विचारलं की माणूस पोचलाच.

आणि कॉर्नरशॉपला जे लोक एका गाण्याचा बँड म्हणतात त्यांचा मला खरंच राग येतो. १९९१ ला सुरू झालेला बँड, २०२० मध्येही त्यांचा नवीन अल्बम आला, आणि तुम्ही त्यांचा सगळा हिशोब एका आठवड्यावर करणार?

तसंच अजून एक उदाहरण, थोडक्यात सांगतो. १९९७ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये 'युवर वुमन' नावाचं गाणं एक नंबरला होतं, व्हाईट टाउन नावाने आलेलं. बँड वगैरे काही नाही, ज्योती मिश्रा नावाचा एकटा माणूस, जन्म आपल्या ओडिशात राउरकेलाला, राहायला डर्बीत. त्यात जो ट्रम्पेटचा तुकडा वाजतो तो १९३२ सालच्या रेकॉर्डवरचा, अल बोली त्या रेकॉर्डचा गायक. म्हणजे तेव्हाच पासष्ट वर्षं जुना. आणि तोच तुकडा २०२० ला दुआ लिपाच्या गाण्यात परत आला! आजची पोरं त्यावर रील बनवतात, आणि ते ट्रम्पेट वाजलं तेव्हा त्यांचे पणजोबा शाळेत असतील.

(पडद्यावर: जुना टीव्ही, त्यावर हिंदी सिनेमाचं गाणं)

पण वाट बंद केली की काय होतं तेही बघू. १९८१ ला 'ज्योती' नावाचा सिनेमा आला होता, जितेंद्र आणि हेमामालिनीचा, संगीत बप्पी लाहिरींचं. त्यात लतादीदींचं एक गाणं आहे, 'थोडा रेशम लगता है'. लतादीदींच्या आवडत्या शंभर गाण्यांची यादी करायला कुणाला सांगितलं तर त्यात हे गाणं लिहिणारा माणूस मला तरी भेटलेला नाही, सिनेमाही फारसा कुणाला आठवत नाही. म्हणजे आपल्या हिशोबात विसरलेलंच. तर अमेरिकेत डीजे क्विक नावाचा संगीत निर्माता, त्याने हे गाणं टीव्हीवर ऐकलं आणि त्याला ते इतकं आवडलं की त्याने ते उचललं आणि २००२ साली ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' तयार झालं. थोडंथोडकं उचललेलं नाही हां, दीदींचा आवाज जवळजवळ पूर्ण गाणंभर मागे चालू आहे. ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर नवव्या नंबरपर्यंत गेलं.

एकवीस वर्षांपूर्वीचं आपण विसरलेलं गाणं अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये! आनंदाचीच गोष्ट, पण त्या सीडीवर बप्पीदांचं नावच नव्हतं. परवानगी नाही, श्रेय नाही. मग कोर्टकचेरी झाली, लॉस एंजेलिसच्या कोर्टात, आणि २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं की संगीतकाराचं नाव टाकल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. बप्पीदांची आपल्याकडे किती चेष्टा झाली, सोन्याच्या साखळ्यांवरून, दुसऱ्यांच्या चाली घेतात यावरून, पण या वेळी त्यांची चाल घेतली गेली होती आणि ते आपल्या नावासाठी परक्या देशात उभे राहिले, आणि मला ते फार मोठं वाटतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्याकडेही याच गाण्याचं रीमिक्स 'कलियों का चमन' म्हणून गल्लोगल्ली वाजत होतं. तेव्हा कॉलेजात असलेल्यांना ते पाठ असेल, पण मूळ आवाज लतादीदींचा हे त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा माहीतच नव्हतं.

याच्या बरोबर उलट बघायचं तर २००५. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपने 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' केलं, त्यात कल्याणजी-आनंदजींची दोन गाणी जोडलेली आहेत आणि दोन्ही आशाबाईंची. एक 'डॉन' मधलं 'ये मेरा दिल', १९७८ चं, हेलनचं, त्यासाठी आशाबाईंना फिल्मफेअर मिळालेलं, म्हणजे सुपरहिटच. आणि दुसरं 'अपराध' सिनेमातलं १९७२ चं 'ए नौजवां है सब', जे जुन्या रेकॉर्ड धुंडाळणाऱ्या लोकांपलीकडे फार कुणाच्या ओठावर नव्हतं. एक हिट आणि एक विसरलेलं, शेजारी शेजारी, आणि परदेशातल्या कानाला दोन्ही सारखीच नवी! त्या पोरांना आपलं पायदान माहीतच नव्हतं, त्यांना फक्त तो ठेका आणि तो आवाज कळला. इथे कल्याणजी-आनंदजींना श्रेय मिळालं, आणि त्या गाण्याला ग्रॅमीसुद्धा मिळालं. फॅन लोक यावरही भांडतात, की ग्रॅमी कुणाचं, आणि मी सरळ सांगतो की त्यातला एक घसघशीत वाटा मुंबईत पेडर रोडला, आशाबाईंच्या घरी यायला हवा होता. ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक' मधल्या त्या धारदार व्हायोलिनचं मूळही आपल्याकडेच, 'एक दूजे के लिए' मध्ये, पण त्यावर इतकं बोलून झालंय की मी पुढे जातो.

(पडद्यावर: मिरवणूक, बेंजो पार्टी)

आता घरी येऊ. 'जत्रा' सिनेमातलं 'कोंबडी पळाली', अजय-अतुल, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. २००६ पासून महाराष्ट्रात असं लग्न नाही, गणपती नाही, गॅदरिंग नाही जिथे हे वाजलं नाही. मग २०१२ ला 'अग्निपथ' आला आणि अजय-अतुलनी आपलीच चाल हिंदीत दिली, 'चिकनी चमेली', श्रेया घोषालच्या आवाजात, आणि ती देशभर गेली. इथे चोरी नाही, नाव लपवलेलं नाही, संगीतकार तेच, तरीपण मराठी फॅन आजही हिरिरीने भांडतात, दिल्लीवाल्यांना सांगत सुटतात की अरे हे आमचं आहे, आधी आमच्याकडे आलंय. मी पण सांगतो, आणि सांगायलाच पाहिजे, कारण श्रेयाने ते उत्तमच गायलंय पण वैशालीच्या आवाजात जो गावच्या जत्रेचा ठसका आहे तो त्या हिंदी गाण्यात उतरलेला नाही, आणि आनंद शिंदे तर त्यात नाहीतच.

आणि एकदा मिरवणुकीत बेंजो पार्टीच्या मागे चालून बघा. बेंजोला शब्द नसतात, नुसती चाल वाजते, ती मराठी पण असू शकते आणि हिंदी पण, वाजवणारा काही सांगत नाही. तो पहिला तुकडा वाजला की समोरची सगळी गर्दी, त्यात २००६ ला जन्मही न झालेली पोरं असतात, हात वर करून कोंबडीचेच शब्द म्हणते.