अवजलाच्या वाटेनं : सातारा ते गुहागर

[दृश्य : पहाट. समर्थ मंदिराचा चौक. गाडीचा दिवा, मागं अजिंक्यताऱ्याची काळी कड.]

निवेदन :

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस गेलाय असं म्हणावं तर अंगावर भुरभुर आहे. टाकी रात्रीच फुल्ल केली, चेनला तेल दिलं, टायरची हवा बघितली. मागच्या सीटवर एक बॅग, बॅगेत एक जोडी कपडे, रेनकोट आणि गुहागरच्या मित्राच्या घरी द्यायला अर्धा किलो कंदी पेढे.

सातारकराला समुद्राला जायचं म्हटलं की पहिल्यांदा कुंभार्ली घाट आठवतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण, गुहागर. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस कोकणात. पण मी हा रस्ता दोन दिवसांत करणार आहे, आणि पहिला दिवस समुद्राकडं पाठ न फिरवता नुसता डोंगरातच घालवणार आहे. कारण या खेपेला मला रस्त्याच्या नव्हे, पाण्याच्या मागं जायचंय. कासच्या पलीकडं पडलेला पाऊस अरबी समुद्राला कसा मिळतो, ते बघायचंय.

[दृश्य : यवतेश्वरचा घाट. खाली शहराचे दिवे एकेक मालवतायत.]

यवतेश्वरचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायची. घाई करू नये. प्रत्येक वळणाला सातारा थोडा लहान होतो आणि हवा थोडी गार होते. वर पोचल्यावर धुकं एकदम अंगावर येतं. अशा वेळी हेडलाइटचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवा डिप्परवरच ठेवायचा, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरायची आणि कानावर विसंबायचं.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर कास. सव्वा हजार मीटरच्या आसपास उंचीवरचा सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाची उघडी लादी, आणि तिच्यावर कुठं बोटभर, कुठं चार बोटं माती. झाड रुजेल एवढी खोली नाही, म्हणून इथं झाडं नाहीत. आहेत ती फुलं. या एका पठारावर साडेआठशेच्या वर वनस्पतींची नोंद झालीय. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात कास आहे, कोयना अभयारण्य आहे, चांदोली आहे. आपल्या जिल्ह्याच्या अंगणातच म्हणायची ही तिन्ही.

[दृश्य : अगदी जवळून, जमिनीलगत. जांभळं फूल, त्यावर दवाचा थेंब.]

गाडी पार्किंगला लावली आणि पायवाटेच्या कडेला उकिडवा बसलो. ही सीतेची आसवं. नखाएवढं निळसर जांभळं फूल, मधे पांढरा ठिपका. लांबून बघितलं तर नुसता जांभळा गालिचा दिसतो. जवळ गेलं की कळतं, ही भुकेली वनस्पती आहे. सड्यावरच्या मातीत पोषण कमी, म्हणून हिनं मुळाशी बारीक पिशव्या केल्यात, डोळ्यांना धड दिसणारही नाहीत एवढ्या. ओल्या मातीतला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाला लागला की झडप उघडते, पाण्यासकट त्याला आत ओढते आणि मिटते. पापणी लवायच्या आत. माझ्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत हे चाललंय, आणि शेजारी गेंदाची पांढरी बोंडं वाऱ्यावर डुलतायत.

म्हणूनच सड्यावर चाक नेलेलं मला सहन होत नाही. एकदा, काही वर्षांपूर्वी, याच परिसरातल्या एका उघड्या सड्यावर गाडीचे ताजे व्रण बघितले होते. कुणीतरी फोटोसाठी गोल फिरवली असावी. चार बोटं माती, तिच्यात तेवढीच खोल चाकोरी, आणि चाकोरीत खालचा लाल दगड उघडा पडलेला. पुढच्या वर्षी मुद्दाम जाऊन बघितलं. बाकी सगळीकडं फुलं होती, तो गोल मात्र तसाच. डांबर आपलं आहे, त्यावर हवं तेवढं फिरा. सडा आपल्या चाकासाठी नाही.

[दृश्य : कास तलाव. मग उतार, खाली शिवसागराचं निळं पाणी.]

आता पाण्याकडं या. कासचा तलाव साताऱ्याला पाणी देतो. याच बाजूला उरमोडी उगम पावते आणि पूर्वेकडं कृष्णेला जाऊन मिळते. पण कास ओलांडून रस्ता बामणोलीकडं उतरायला लागला की डोंगराची कूस बदलते. इथून पुढं पडणारा पाऊस कोयनेचा. खाली जे लांबच लांब पाणी दिसतं, तो शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. पन्नासेक किलोमीटर लांब पसरलेला. या पाण्याखाली गावं आहेत. धरण झालं तेव्हा उठलेली माणसं आजही आपल्या गावाचं नाव सांगताना नवं कुठलं, जुनं कुठलं ते वेगळं सांगतात.

बामणोलीला लाँचच्या धक्क्यावर चहा घेतला. समोरच्या काठाला जंगल, तिकडं वासोटा. धक्क्याच्या पायरीवर बसून पाण्यात हात घातला. गार. हे पाणी आता दोन वाटांनी जाऊ शकतं, आणि त्या वाटा उद्या बघायच्या. परत मागं फिरलो, रात्री साताऱ्यात मुक्काम.

[दृश्य : दुसरा दिवस. महामार्ग, मग उंब्रजचा फाटा.]

महामार्गाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रक, धूळ, आरशात सतत लक्ष. उंब्रजला वळलं की श्वास मोकळा होतो. मल्हारपेठ, मग पाटण, आणि तिथून कोयना सोबतीला.

या नदीचं मला लहानपणापासून नवल वाटतं. महाबळेश्वरला उगम. कृष्णा तिथंच उगम पावते, पण ती वाईकडं जाते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कण्याला धरून सरळ दक्षिणेला येते, समुद्र हाताच्या अंतरावर ठेवून. उडी मारली तर कोकणात पडेल अशी. आणि हेळवाकला आल्यावर तिचं मन बदलतं. तिथं ती पूर्वेला वळते, पाटणवरून कऱ्हाडला जाते, प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते, आणि कृष्णेबरोबर अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. नदी पूर्वेला वळते तिथंच आपला रस्ता पश्चिमेला निघतो.

[दृश्य : कोयनानगर. धरणाची भिंत लांबून. सांडव्यावरून धुरासारखं पाणी.]

१०३ मीटर उंच भिंत. आत १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला इथं भूकंप झाला आणि कोयनानगर झोपेतच जमीनदोस्त झालं. आमच्या आधीच्या पिढीला ती पहाट घराघरांतून आठवते. साताऱ्यातही भांडी फडताळावरून पडली होती, असं आजी सांगायची. धरणाला भेगा गेल्या, पण ते उभं राहिलं. इथल्या जमिनीखालच्या हालचालींचा अभ्यास आजही चालू आहे.

आता त्या दुसऱ्या वाटेबद्दल. धरणातलं सगळं पाणी कऱ्हाडला जात नाही. जलाशयाच्या पश्चिम बाजूनं बोगदे काढलेत, सह्याद्रीच्या पोटातून. पाणी त्यातून पोफळीला कोसळतं आणि तिथं, डोंगराच्या आत, जमिनीखाली, टर्बाइन फिरवतं. घाटमाथ्यावरून कोकणात पडायला जी उंची मिळते, तीच या प्रकल्पाची सगळी कमाई. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. १३ मार्च १९९९ ला तर जलाशय रिकामा न करता, तळाखालून बोगदा नेत शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगानं उडवला आणि पाणी आत घेतलं. लेक टॅपिंग. आशियात तसं पहिल्यांदा झालं, आणि २०१२ मध्ये इथंच पुन्हा केलं.

वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं दिलीय. वीज करून झाल्यावर जे पाणी उरतं त्याला इकडं अवजल म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. अव म्हणजे जणू कामातून गेलेलं. पण हे पाणी पुढं काय करतं ते बघा.

[दृश्य : घाटमाथा. धुकं. चहाची टपरी, स्टोव्हचा आवाज.]

घाटमाथ्यावर थांबायचं. कितीही उशीर झाला असला तरी थांबायचं. चढाला तापलेलं इंजिन जरा निवतं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या उतारासाठी डोकं शांत होतं. कोयनानगरकडून चढ थोडकाच, पण कोकणाच्या बाजूला सह्याद्री कापल्यासारखा तुटतो. घाट सगळा त्या बाजूला आहे.

उतारावर इंजिन बंद करून, न्यूट्रलवर गाडी सोडणारे मी बघितलेत. पेट्रोल वाचवतात म्हणे. तसं कधीही करू नका. ज्या गिअरवर हा घाट चढला असता, त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी, हलक्या हातानं लागतो. सतत ब्रेक दाबून धरला की तो तापतो, आणि नेमक्या खालच्या वळणाला हातातून जातो. वर चढणारी गाडी असेल तर तिला आधी वाट. मालानं भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना मागं येतो. आणि वळणाच्या आतल्या बाजूला पावसानं वाहून आलेली खडी असते. तिथं गाडी आडवी करायची नाही.

याच घाटात एकदा माझी क्लच केबल तुटली. चढताना, अर्ध्यावर, भर पावसात. लिव्हर हातात लुळी पडली. तासभर उभा होतो. मग मासळी घेऊन कऱ्हाडला निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरदादांनी काही विचारलं नाही, फाळका खाली पाडला, दोघांनी मिळून गाडी वर घेतली, आणि बांगड्याच्या क्रेटांच्या मधे दोरीनं बांधली. हेळवाकला उतरवून दिली. पैसे देऊ केले तर म्हणाले, "ठेवा. रस्त्यावर कोणी उभा दिसला तर थांबा म्हणजे झालं." तेव्हापासून मी जुन्या केबलला लागूनच नवी केबल हँडलपासून खालपर्यंत बांधून ठेवतो. तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची. आणि कोणी उभा दिसला तर थांबतो.

[दृश्य : घाट उतरताना. धुक्याचा पडदा फाटतो, खाली हिरवं कोकण.]

अर्ध्या घाटात हवा बदलते. आधी हेल्मेटची काच आतून धुरकट होते, मग जॅकेटच्या गळ्याशी घाम. करवंदीची जाळी संपून आंबा, फणस दिसायला लागतात. उतार संपता संपता मनात येतं, आपण डोंगरावरून आलो आणि बामणोलीचं पाणी डोंगराखालून आलं. पोफळी, शिरगाव, अलोरे. इथंच कुठंतरी आपली गाठ पडली.

अवजल पुढं वाशिष्ठीत सोडतात. ऐन मे महिन्यात, कोकणातल्या नद्या दगडावर आलेल्या असताना, चिपळूणची वाशिष्ठी वाहत असते ती या पाण्यावर. पावसाळ्यात याच नदीचं रौद्र रूपही चिपळूणनं भोगलंय. २२ जुलै २०२१ चा पूर. बाजारपेठेतल्या दुकानांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ पुढं कितीतरी दिवस दिसत होती.

[दृश्य : शृंगारतळी, लाल मातीचे बांध. मग अंजनवेल, गोपाळगडाची तटबंदी.]

चिपळूण ते गुहागर रस्ता वळणावळणाचा आणि प्रेमळ. संध्याकाळी अंजनवेलला गोपाळगडावर गेलो. तटाचा दगड हातानं चाचपला. जांभा. कासच्या फुलांखाली जी लादी आहे, तोच हा लाल, भोकाभोकांचा दगड, इथं किल्ल्यात चिणलेला. तटावरून दाभोळची खाडी दिसते. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट मधोमध होती, तिच्यावर चार मोटारी, दोन मोटरसायकली. वाशिष्ठी इथं समुद्राला मिळते. काल सकाळी ज्या जलाशयात हात घातला होता, त्याचं पाणी याच तोंडातून बाहेर पडतं. मी तिथं अंधार पडेपर्यंत बसून होतो.

[दृश्य : गुहागर. पहाट. सुरूची रांग, लांबलचक वाळू.]

गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर सलग. हिवाळ्यात इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी दीड फुटाचा खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढते आणि निघून जाते. पन्नासेक दिवसांनी तळहातात मावतील एवढी पिल्लं बाहेर येतात आणि पाण्याच्या दिशेनं चालायला लागतात. वाळूवर गाडीच्या चाकाची खोल चाकोरी असली तर पिल्लू तिच्यात पडतं. भिंत चढता येत नाही, म्हणून ते चाकोरीतच चालत राहतं, समुद्राला समांतर. ऊन वर येतं, घारी-कावळे येतात.

सड्यावरचा तो गोल मला इथं पुन्हा दिसतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच किनाऱ्यावर दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. बागेश्री इथून निघाली ती दक्षिणेला, केरळ मागं टाकत, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. कोयनेचं जे पाणी हेळवाकला पूर्वेकडं वळलं, कऱ्हाडला कृष्णेत मिसळलं, ते ज्या समुद्राला मिळतं, त्या समुद्रात.

[दृश्य : रस्त्याच्या कडेला सुरूखाली उभी गाडी. वाळूवर फक्त पावलं.]

गाडी डांबरावरच उभी केलीय, सुरूच्या सावलीत. बूट काढून तिच्या हँडलला अडकवलेत. भरती लागतेय. अजून तासभर चालायचं, मग पेढे पोचवायचे, चेनवरची खारी धूळ फडक्यानं पुसून तेल द्यायचं. परतीला चढ आहे.