दहा सेकंदांचा हिशोब

(टर्नटेबलवर काळी तबकडी. सुई टेकते, गाणं चिरक्या आवाजात धावू लागतं.)

ही रेकॉर्ड मिनिटाला ३३ फेऱ्यांची. खटका मात्र ४५ वर आहे. चुकून नाही, मुद्दाम. जागा वाचवायला.

१९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीनं एसपी-१२०० हे सॅम्पलर मशीन बाजारात आणलं. जुन्या रेकॉर्डमधला आवाज उचलायचा, त्याचे तुकडे करायचे, ते बटणांवर बसवायचे आणि त्यातून आपला ठेका रचायचा, सगळं एकाच पेटीत. पण पेटीत आवाज मावायचा एकूण दहा सेकंदांचा. एका तुकड्याला फार तर अडीच. मग न्यूयॉर्कच्या हिप-हॉप करणाऱ्या पोरांनी रेकॉर्ड पळवूनच आत भरली आणि आत गेल्यावर सूर खाली ओढून मूळ चालीवर आणला. अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचं संगीत बसलं!

आवाज आधीच जाडाभरडा, १२ बिटांचा, तोही सेकंदाला सुमारे २६ हजार नोंदींचा. असा ताणला की तो खरखरतो, त्याला दात फुटतात. कागदावर हा दोष. हिप-हॉप निर्माता पीट रॉकचे जुने ठेके ऐका, मग ठरवा.

(मशीनची मागची बाजू.)

आवाज बाहेर पडायच्या वाटा आठ. शेवटच्या दोन मोकळ्या, पहिल्या दोनांवर फिल्टर. म्हणजे तोच तुकडा पहिल्या वाटेनं सोडला की वरचा झगमगाट गळतो आणि खाली उरतो फक्त घुमणारा बेस. बेस वाजवायला वेगळा माणूस नको.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, दुसरी पेटी आली. जपानच्या अकाईचं एमपीसी-६०. आखणी अमेरिकन रॉजर लिनची. चार ओळी, चार रांगा, रबराची १६ पॅडं. वेळ १३ सेकंद, आवाज पुष्कळ स्वच्छ, किंमत ५ हजार डॉलरच्या घरात. एसपी ३ हजारांच्या आसपास होतं.

लिनचं खरं देणं म्हणजे स्विंग. एका ठोक्याचे चार समान भाग केले की होतात त्या सोळांश मात्रा; त्यांतली दर दुसरी किंचित उशिरा पाडायची. जोडीच्या वेळेतला ५० टक्के वाटा पहिलीला दिला की ठेका सरळ चालतो, ६६ च्या आसपास तिश्र, म्हणजे तिनाच्या चालीचा होतो, आणि अधेमधे कुठेतरी मान आपोआप डोलायला लागते. ढोलकी ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळं समजावायला नको. एसपीतही स्विंग होतं, पण बोटांना १६ पॅडांचं अंगण मिळालं ते इथे. डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला यानं तर पुढच्या एमपीसी-३००० वर ठोके रांगेत लावणारी सोय अनेकदा बंदच ठेवली. ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आज नवं मशीन घेणारा आधी मेमरी विचारतो. माझ्या मते आधी पॅड दाबून बघावं, दहा मिनिटं तरी. हाताला पटलं नाही तर बाकीचे आकडे काय करायचेत?

(नवंकोरं एसपी-१२००.)

२०२१ मध्ये ई-म्यूच्या संस्थापकांपैकी एक, डेव्ह रॉसम यांनी एसपी-१२०० पुन्हा बनवलं. आताच्या चिपवर तासन्‌तास आवाज साठवता आला असता. त्यांनी दिले २० सेकंद.